मेस्विज म्हणजे राहते घर

सतरा वर्षं मी लोकांचे कागद वाचले. नात विचारते, "आजी, तू काम काय करायचीस गं?" तेव्हा मी तिला एवढंच सांगते. तिला वाटतं, आजी काहीतरी लपवतेय. पण खरंच दुसरं काही केलं नाही. लोक इंग्रजीतला कागद घेऊन यायचे, मी तो वाचायचे, त्यात काय आहे ते मराठीत टाइप करायचे, खाली "वरील भाषांतर खरे व बरोबर आहे" असं लिहून शिक्का मारायचे आणि कागद परत द्यायचे. कुणाची जमीन, कुणाचं भांडण, कुणाचा कॅनडाला जाऊन गप्प बसलेला जावई, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. मी ते एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवायचं आणि वाटेत सांडायचं नाही, इतकंच काम. एकदा बरंच सांडलं. त्याविषयी लिहिते आहे, कारण सांडवणारी बाई आता मला पुष्कळ लांबची वाटते आणि तिला हसायला मी मोकळी आहे.

ती बाई म्हणजे चौतिशीतली मी. नव्वद साली वसईला कोर्टाच्या रस्त्यावर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी तिने एक गाळा घेतला. कडक इस्त्रीची सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, टेबलावर दोन पेनं. एक सहीचं आणि दुसरं नुसतं दिसायला. बाहेर पाटी: "सर्व प्रकारचे इंग्रजी-मराठी अचूक भाषांतर". पेंटरने आधी "अचूक" घातलं नव्हतं. ओळीत जागा नाही म्हणाला. मी त्याला शिडीवर परत चढवलं. पाटीवर माझ्या नावापुढे एम.ए. होतं, इंग्रजी विषयात. दुसरा वर्ग मात्र लिहवून घेतला नाही. तिथे जागा नाही हे मला लगेच पटलं.

या धंद्यात माणसं फार येतात आणि प्रत्येकाला वाटतं की भाषांतर म्हणजे काय ते आपल्याला कळतं. कामणचा एक गोदामवाला होता. भाडेकराराचं भाषांतर हातात घेऊन त्याने आधी पानं मोजली. म्हणाला, "बाई, इंग्लिशमध्ये चार पानं होती. तुमची अडीचच कशी? दीड पान कुठे गेलं?" मी सांगितलं, इंग्रज वकील एकच गोष्ट तीनदा सांगतो, "देतो, सोपवतो आणि हवाली करतो" असं. मराठीत नुसतं "देतो" म्हटलं की माणूस देतो. त्याला ते पटलं नाही. शेवटी मी ओळींमधलं अंतर वाढवून चार पानं केली. खूश होऊन गेला. असली गिऱ्हाइकं मला आवडायची, कारण त्यांच्यापुढे मी शहाणी ठरायचे.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते, या कामात अवघड काय असतं. लांब वाक्यं अवघड नसतात, ती तोडता येतात. अवघड असतात जुने शब्द. इंग्रजांच्या राज्यातल्या वकिली कागदात असे शब्द असायचे, जे खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातून तेव्हाच गेले होते. साध्या शब्दकोशात ते मिळत नाहीत. असा शब्द आला तर काय करायचं याचा रिवाज ठरलेला आहे. तो शब्द आहे तसा देवनागरीत लिहायचा आणि खाली टीप द्यायची, की अर्थ लागला नाही, मुळात पाहावे. जुने दस्तलेखक बिनदिक्कत अशी टीप द्यायचे. मी देत नसे. "अचूक" पाटी लावलेल्या बाईला अर्थ लागला नाही, हे गिऱ्हाइकाला कशाला कळू द्यायचं? मी मागचं-पुढचं वाचून अर्थ काढायचे. बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा, आणि त्यामुळेच ती सवय सुटली नाही.

त्र्याण्णव साली वसईजवळच्या सांडोरहून पेद्रू नावाचे एक वयस्क गृहस्थ आले. केळीची वाडी असलेले, अंगात धुतलेला सदरा, पायात रबरी चपला. सोबत त्यांच्या वडिलांचं मृत्युपत्र होतं. तलाठी कचेरीत नोंदी करायच्या होत्या, आणि तलाठी म्हणाला होता की इंग्रजी चालणार नाही, मराठी करून आणा.

सांडोरच्या केळीवाल्याचं मृत्युपत्र इंग्रजीत कसं, हे मी विचारलं. पेद्रूंचे वडील मुंबईत एका इंग्रज सॉलिसिटरच्या कचेरीत शिपाई होते. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा जाता जाता त्याने आपल्या शिपायाचं मृत्युपत्र स्वतः बसून लिहून दिलं, बक्षीस म्हणून. जाड कागद, लाल फीत, सुंदर अक्षर. साहेबाने सांडोर कधी पाहिलं होतं की नाही कोण जाणे. त्याने आपल्या गावाकडच्या एखाद्या शेतकऱ्यासाठी लिहावं तसं लिहिलं होतं. मुद्द्याचं वाक्य एकच होतं. ज्यात मी सध्या राहतो ते माझे मेस्विज माझी मुलगी कॅथरीन हिला, आणि उरलेली सर्व वाडी माझा मुलगा पीटर याला.

पीटर म्हणजे पेद्रू. कॅथरीन ही त्यांची धाकटी बहीण कतरीन. लग्न न केलेली, त्याच जुन्या घरात राहणारी. पेद्रूंनी स्वतःचं घर वाडीतच थोडं पुढे बांधलं होतं.

आता मेस्विज म्हणजे काय? मी छोटा शब्दकोश उघडला, नव्हता. मोठा माझ्याकडे नव्हताच. पेद्रू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाक्य पुन्हा वाचलं. "ज्यात मी सध्या राहतो." माणूस कशात राहतो? घरात राहतो. मी टाइप केलं: राहते घर. शिक्का मारला आणि सहीचं पेन उघडलं.

इथे माझ्या बिऱ्हाडाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही चूक नुसती भाषेची वाटेल. मी दापोलीकडची, पण तिथेही बाजारपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली. लग्नानंतर आधी चाळीत आणि मग वसईला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आले. घर म्हणजे काय याविषयी माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. चार भिंती, दार आणि दाराला कडी. कडी लावली की घर संपलं. त्यापुढे जिना, आणि जिना सोसायटीचा. वाडीत जन्मलेल्या कुठल्याही माणसाने तो शब्द न कळता लिहिला असता, तरी त्याच्या हातून "राहते घर" एवढ्यावर पूर्णविराम पडला नसता. त्याने सवयीनेच पुढे काहीतरी जोडलं असतं. फ्लॅटवालीने पूर्णविराम दिला.

त्या मराठी कागदावरून नोंदी झाल्या. घराचा नंबर कतरीनच्या नावावर लागला. सातबारा, म्हणजे सगळी जमीन, पेद्रूंच्या नावावर गेली. इंग्रजी कागद कपाटात गेला. आपल्या बापाने आपल्यासाठी काय लिहून ठेवलंय, हे त्या दोघांना पहिल्यांदा मराठीत कळलं ते माझ्याकडून.

पुढची पाच वर्षं मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या वर्षांचा दोष मी स्वतःला देत नाही. त्यानंतरच्या पाचांचा देते.

अठ्ठ्याण्णव साली कुणाच्या तरी जुन्या भाडेपट्ट्यात तोच शब्द पुन्हा भेटला. तोवर मी मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवरून कायद्याचा दोन खंडांचा जाडजूड शब्दकोश आणला होता. त्यात तो ऐटीत बसलेला. मेस्विज म्हणजे राहतं घर आणि ते चालवायला जे जे लागतं ते सगळं. अंगण, परसू, गोठा, कोठार, विहीर आणि घराला लागून असलेली थोडी बाग. घर आणि त्याचा संसार, असं म्हणा ना. त्याची जन्मकथाही दिली होती. फ्रान्सकडून आलेले राजे इंग्लंडात बसले, त्यांच्या कोर्टाची भाषा फ्रेंच, त्या फ्रेंचमधून तो आला. मूळ लॅटिनमधल्या "राहणे, थांबणे" या क्रियापदात, मॅन्शन हा त्याचाच श्रीमंत चुलतभाऊ. आणि जाणकारांचा असा कयास, की त्याचं आजचं रूप कुणा नकलनविसाने एक अक्षर चुकीचं वाचल्यामुळे झालं. चूक मग शेकडो वर्षं दस्तऐवजांत चालत राहिली आणि शेवटी तोच शब्द ठरला.

मला त्या कथेचा इतका आनंद झाला, की त्या दिवशी जेवताना मी आमच्या ह्यांना ती पूर्ण सांगितली. हे बोरीबंदरला एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. भाताचा घास तोंडाशी थांबवून म्हणाले, "मग त्या सांडोरवाल्यांच्या कागदात तू काय लिहिलं होतंस?"

मी म्हटलं, "राहते घर."

"आणि विहीर?"

"विहिरीचं कुठे काय..."

"कुणी हरकत घेतली?"

"नाही."

"मग फाइल बंद आहे," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. "बंद फाइल उघडणारा क्लार्क मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही."

मीही उघडली नाही. मनाशी हिशोब सोपा होता. बहीण-भाऊ एकाच वाडीत राहतात. अंगण कुणाच्या नावावर आहे याने काय बिघडतं? शिवाय माझा जम बसला होता. वकील माझ्याकडे कागद पाठवायचे ते अशासाठी, की माझ्या शिक्क्यावर समोरचा वकील वाद घालत नसे. त्या शिक्क्याला मीच कशाला तडा देऊ? त्या कर्तृत्ववान बाईला हे सगळं पटलं. दुसऱ्या दिवशी अंबाडा घालून ती कामावर गेली.

दोन हजार तीनच्या थंडीत कतरीनबाय माझ्या गाळ्यात आली. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. सत्तरीची, काटक, ठिपक्यांचा झगा, डोक्याला रुमाल. चपलेच्या कडेला पांढरी फक्की लागलेली. सांडोरला त्यांची घरची बोली निराळी आहे. माझ्यासाठी ती जरा बेताची करून बोलत होती. मी तिच्या निम्म्या वयाची असल्यासारखं तिने मला पहिल्यापासून "तू" म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं.

"बाय, ह्यो कागद तूच लिवलास ना?" तिने माझंच भाषांतर पुढे ठेवलं.

मी म्हटलं, "हो."

"मंग परत एकदा वाच. नीट वाच. बाबाने खरंच एवढंच लिवलंय?"

झालं होतं असं. पेद्रू चार वर्षांपूर्वी वारले होते. वाडी आता त्यांच्या मुलाच्या, नेल्सनच्या नावावर होती. नेल्सन विमानतळावर कार्गोत कामाला. वाडीचं पाणी वर्षागणिक खारट होत चाललेलं, केळीवर रोग. त्याने वाडी बिल्डरला द्यायचं ठरवलं. बिल्डरची माणसं मोजणीला आली, त्यांनी कागद पाहिला आणि कतरीनबायच्या घराच्या ओटीच्या पायरीपासून फक्की मारली. पायरीच्या आतलं तिचं, बाहेरचं बिल्डरचं.

"फक्कीच्या पल्याड हीर हाय," कतरीनबाय म्हणाली. "आख्ख्या वाडीत गोड पानी तिलाच. सुकेळीचा मांडव पल्याड. माजा क्रूस पल्याड. बिल्डर बोलतो, आजी, घर तुमचंच राहील, कोन काढनार नाय. हीर बुजवनार. तिथं गाड्या ठेवनार."

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. सोलून बांबूच्या मांडवावर पसरायची, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, आठवडाभरात ती मधासारखी होतात. कतरीनबाय त्यावर जगत होती. अंगण गेलं तर तिचं घर उरणार होतं, पण त्यात राहून करायचं काय, हा प्रश्न होता.

ती मात्र हे सगळं पटकन सांगून मोकळी झाली. तिच्या मनात वेगळंच होतं.

"अंगान जावदे," ती म्हणाली. "पन बाबा असा नव्हता. मला भिंती देयाच्या आनि पानी पेद्रूला, असा बाबा नव्हता. म्हनून बोल्ते, वाच."

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. शब्दकोश हाताच्या अंतरावर होता. मी म्हटलं, "मूळ कागद ठेवून जा. बघते. उद्या मीच सांडोरला येते." त्या चोवीस तासांत मी काय बघणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. बहुधा एखादी पळवाट.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेले. फक्की मी पाहिली. पायरीला अगदी चिकटून, सरळ रेषेत, सुकेळीच्या मांडवाचा एक पाय आत आणि तीन बाहेर. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कतरीनबाय, तुमच्या घरात खोल्या किती?"

ती विचारात पडली. मग आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "चार. माळा धरून."

सत्तर वर्षं राहिलेल्या घराच्या खोल्या तिला मोजून याव्या लागल्या. मी विचारलं, "आणि घर कुठपर्यंत?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचं घर कुठे संपतं?"

तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, या बाईला ऊन लागलं की काय अशा नजरेने. मग एक हात वर करून ती जागच्या जागी सावकाश गोल फिरली. हात विहिरीवरून गेला, मांडवावरून गेला, लाकडाच्या शेडवरून, क्रुसावरून, शेवग्यावरून, आणि ओटीवर परत आला. "ह्यं काय," ती म्हणाली.

साहेबाचा तो मेलेला इंग्रजी शब्द नेमका एवढाच होता. दोन खंडांच्या कोशात त्याला अर्धं पान लागलं होतं.

मी ओटीवर बसले आणि सांगितलं. शब्दाचा अर्थ काय, मी काय लिहिलं, कसं लिहिलं. तुमच्या बाबाने तुम्हाला विहीर दिली होती, अंगण दिलं होतं, मीच ते खाल्लं, असं सांगितलं. आणि हे मला पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं, तेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं रिक्षात ठरवलं होतं. तोंडातून गेलं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती मांडवाकडे गेली, चार केळी उलटी केली आणि परत आली.

"पाच वर्सं," ती म्हणाली. "तवा पेद्रू होता."

"हो. वर्षभर होता."

"मला वाटायचं, त्यानेच बाबाला सांगून लिववून घेतलं. तो मोठा, मी लहान. त्यो तुझा कागद आला त्या दिसापासून मी त्याच्याशी बोलले नाय. सा वर्सं. त्याच्या मयताला गेले, तवा पन मनात तेच." मग म्हणाली, "त्याला तरी कुठं म्हाईत होतं. तो पन तुझंच मराठी वाचायचा."

इतर चुकांवर मी हसते, हिच्यावर नाही, म्हणून ती इथे एका ओळीत ठेवून पुढे जाते.

कतरीनबायने विचारलं, "लिवून देशील?"

"देईन."

प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर लिहून दिलेला जबाब. माझ्या शेजारच्या गाळ्यातले वकील कतरीनबायची बाजू घ्यायला तयार झाले. माझं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. मी त्यांना मजकूर सांगितला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, असं करू. तुम्ही लिहा, की शब्दाचे दोन अर्थ संभवतात, त्यातला एक तुम्ही घेतला होता."

"पण दोन संभवत नाहीत."

"मॅडम, तुमच्या सहीवर माझ्या चाळीसेक फायली उभ्या आहेत."

"मग त्या एकदा तपासून घ्या," मी म्हटलं. "मलाही उत्सुकता आहे."

ते हसले नाहीत. मी लिहून दिलं. सदर शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, तशी टीप देणे माझे काम होते, ते मी केले नाही, अंदाजाने लिहिले, आणि पुढे अर्थ कळल्यावरही संबंधितांना कळवले नाही. शब्दकोशाच्या पानाची प्रत जोडली. स्वतःच्या हाताने स्वतःविषयी इतकं अचूक मी आधी कधी टाइप केलं नव्हतं.

कोर्टात बिल्डरच्या वकिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे बाईंना तेव्हा इंग्रजी येत नव्हतं आणि आता येतं, असं आहे." मागच्या बाकावर दोन-चार वकील हसले. ते माझे गिऱ्हाईक होते. पुढच्या महिन्यापासून त्यातले तीन यायचे थांबले. ह्यांनी घरी एवढंच विचारलं, "फाइल उघडलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या ताटात आपली पोळी वाढली. ती ह्यांची शाबासकी होती की सांत्वन, हे मी कधी विचारलं नाही.

कोर्टाने निकाल लागेपर्यंत अंगणाला हात लावायचा नाही, असा हुकूम दिला. बिल्डरला थांबायला सवड नसते. वर्षभरात त्यानेच निरोप पाठवला, की म्हातारीचं अंगण वगळून बाकीची वाडी घेतो, तडजोड करा. तडजोडपत्र मराठीत करायचं ठरलं. टाइप करायला माझाच गाळा, कारण बाकीच्या गाळ्यांत तेव्हा वीज गेली होती आणि माझ्या कॉम्प्युटरला बॅटरी होती. योग्यतेने म्हणाल तर कुणी मला बोलावलं नसतं.

बसलो पाच जण. दोन वकील, कतरीनबाय, नेल्सन आणि मी. आत्या आणि भाचा दोन टोकांच्या खुर्च्यांवर. नेल्सन वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, रात्रपाळीहून थेट आला होता. बिल्डरचे वकील सांगत गेले आणि मी टाइप करत गेले: घर, अंगण, विहीर, शेड, मांडव, क्रूस, फळझाडे. एकेक नाव मी विचारून घेत होते. कतरीनबाय "शेवगा लिवलास?" म्हणाली, शेवगा लिहिला. मग वकील म्हणाले, "पुढे घ्या. सदर विहिरीवर नेल्सन यांचा कोणत्याही प्रकारचा हक्क वा संबंध राहणार नाही."

मी टाइप केलं. नेल्सन पुढे वाकून पडद्यावर वाचत होता.

"आते," तो म्हणाला.

कतरीनबाय त्याच्याकडे बघेना.

"आते, ते पानी. म्हणजे बिल्डर नळ देणार आहे, नाही असं नाही. पण त्याला दोन वर्षं जातील. शर्मिला रोज तिथनंच भरते." शर्मिला म्हणजे त्याची बायको.

"नेल्सन, आता मधे काही काढू नका," बिल्डरचे वकील म्हणाले. "टँकर मागवू आपण."

कतरीनबाय माझ्याकडे वळली. "बाय, त्याच्याखाली लिव. पानी भरील."

"आजी, तसं लिहिता येत नाही," वकील समजावू लागले. "हक्क आहे तरी म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नसेल तर मग परवानगी द्यावी लागेल. किती काळ, कोणत्या अटींवर, ते सगळं यायला हवं."

"हक्क नाय," कतरीनबाय म्हणाली. "बाबाने मला दिली, ती माजी. पन पानी भरील. ह्यात कळाया काय नाय?"

"अट?"

तिने थोडा विचार केला. "दोर त्याचा त्याने आनावा. माजा झिजलाय."

वकिलांनी आमच्या वकिलांकडे पाहिलं. आमच्या वकिलांनी छताकडे पाहिलं. मी कुणाकडे न बघता टाइप केलं: "सदर विहिरीवर नेल्सन यांचा हक्क नाही. ते पाणी भरतील. दोर त्यांचा." बिल्डरच्या वकिलांनी ते खोडायला सांगितलं. नेल्सन म्हणाला, "राहू दे, सर." मग त्याने सही केली.

दोन दिवसांनी तडजोडपत्र न्यायाधीशांपुढे गेलं. ते पानं उलटत त्या कलमाशी थांबले, परत वाचलं, चष्मा वर केला.

"हे कुणी लिहिलंय?"

मी उभी राहिले.

"याचा अर्थ काय?"

"साहेब, त्या जसं बोलल्या तसंच लिहिलंय. एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही."

त्यांनी कतरीनबायला विचारलं, हे मान्य आहे का. ती म्हणाली, हाय. नेल्सनला विचारलं. तो म्हणाला, कालच नवा दोर आणलाय.

न्यायाधीशांनी कलमाला हात न लावता खाली सही केली आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.